शोषखड्डा की तळं? गावाच्या सांडपाण्याचा ठराव करण्याआधी

नळाला माणशी ५५ लिटर पाणी आलं, की त्यातलं दोन तृतीयांश तरी मोरीतून बाहेर पडतं. दीड हजार वस्तीच्या गावात हे रोजचे सुमारे ५५ हजार लिटर झाले. ते कुठे न्यायचं यावर ग्रामसभेत दोन तट पडतात: घरोघरी पाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे, नाहीतर गटार बांधून गावाबाहेर स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी काही दिवस साठवून आपोआप निवळू देणारं तळं. गटाराचं काम डोळ्यांत भरतं, म्हणून बऱ्याच सदस्यांचा ओढा तिकडे. माझा मात्र शोषखड्ड्याकडे, पण जमीन साथ देत असेल तरच.

मुरूम किंवा जांभा असेल तर फार विचार करू नका. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे केले. उघडं सांडपाणी गेलं, त्यासोबत डासही हटले. तिथला खड्डा चार फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीतच बसतो आणि वरचेवर काढता येतो, ही त्यातली खरी मेख. टाकी न बसवता नुसते दगडगोटे भरले, तर साबण-तेलाच्या थराने खड्डा तुंबतो आणि सगळा उकरावा लागतो.

काळ्या जमिनीत गोष्ट वेगळी. पाणी ओतून मुरतं का पाहायचं, तर ते उन्हाळ्यात नको. भेगाळलेली काळी तेव्हा कितीही पाणी पिते. श्रावणात पाहा. पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा तिथवर न्यावा, नाहीतर नाद सोडावा. विहिरीला खेटून, किंवा पावसाळ्यात भूजल वर येतं तिथेही नको.

आता तळं. दहा दिवसांचं पाणी दीड मीटर खोलीत साठवायचं म्हटलं, तर सुरुवातीला धरलेल्या दीड हजार वस्तीच्या गावाला साडेतीन गुंठे लागतात. बांध धरून पाच-सहा. गावाच्या उताराला गायरान असेल तर ठीक. वीज लागत नाही, ऊन आणि शेवाळ काम करतात, एकामागून एक तळी केली तर शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडता येतात. पुढे ते पाणी बांबूला किंवा चाऱ्याच्या गवताला द्यावं, पालेभाजीला देऊ नये.

पण तळ्यापर्यंत पाणी आणणारं गटारच महाग. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे इथे ४ लाख २० हजार. त्यात अख्ख्या गावाचं काँक्रीट गटार बसत नाही. शिवाय एकदा गटार झालं, की सेप्टिक टँकचे पाइप गुपचूप त्यात सोडले जातात, आणि मग ते नुसतं मोरीचं पाणी राहत नाही. हे पाइप आधी शोधा. नाहीतर साधं तळं पुरणार नाही.

कर्दळीच्या वाफ्यांतून सांडपाणी गाळून घ्यायचा तिसरा पर्याय शाळेला किंवा एखाद्या वाडीला छान, पण आधी गाळ बसवायची टाकी हवी.

बहुतेक गावांना दोन्ही मिळून करावं लागेल: जिथे परसात जागा आणि मुरूम, तिथे खड्डे, दाटीच्या आळीतलं उरलेलं पाणी तळ्याला. म्हणजे तळंही लहान होतं. तळ्याच्या ठरावात गटाराच्या जाळीतलं प्लास्टिक दर आठवड्याला कोण काढणार आणि त्याची मजुरी कुठून, हे लिहून घ्या. कोणी लिहायला तयार नसेल, तर ठरावाला हात वर करू नका.