सुरगाण्याची वरई आणि नागलीचे पीठ: महिनाभराच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरमध्ये नाशिकला भरलेल्या एका प्रदर्शनात सुरगाणा तालुक्यातील आदिवासी महिलांच्या एका बचत गटाकडून एक किलो वरई (म्हणजे भगर) आणि एक किलो नागलीचे (नाचणीचे) पीठ घेतले. वरई १४० रुपयांना आणि पीठ ८० रुपयांना मिळाले. दोन्ही जिनसा महिनाभर वापरल्या; वरईने मन जिंकले, पिठाबद्दल मात्र थोडी तक्रार आहे.

उपवासाला आपण किराणा दुकानातून आणतो ती भगर पांढरीशुभ्र असते, कारण टरफल काढल्यावर तिला पॉलिशही केलेले असते. या गटाची वरई ताटात पसरली तर करड्या-पिवळसर रंगाची दिसते आणि मुठीमागे चार-पाच दाणे टरफलासकट निघतात, ते पाण्यात घोळले की वर तरंगतात. शिजायला ती दुकानच्या भगरीपेक्षा पाच-सात मिनिटे जास्त घेते, पाणीही वरईच्या तिप्पट लागते; पण शिजल्यावर तिचा गोळा होत नाही आणि भाजलेल्या धान्यासारखा जो वास येतो, तो पॉलिश केलेल्या भगरीला कधीच आलेला आठवत नाही. दाण्याची आमटी करून खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम उपवास नसतानाही पुन्हा केली.

किमतीबद्दल घरात कुरकुर झाली, म्हणून थोडा हिशेब मांडतो. डोंगरउतारावरच्या वरकस म्हणजे हलक्या जमिनीत राब भाजून (पालापाचोळा जाळून) रोपे तयार करायची, भर पावसात आवणी म्हणजे रोपांची लावणी करायची, पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी (कारळे) अशी पिके फिरवायची आणि नंतर जमीन पड ठेवायची, अशी या भागातली जुनी रीत आहे. एवढे करून नागलीला निदान हमीभाव तरी आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये). वरई त्या यादीतच नाही. तिचे टरफल घट्ट असल्यामुळे उखळ-मुसळाने ती सडणे हे बायकांचे कंबरतोड काम, त्यामुळे बहुतेक शेतकरी टरफलासकट माल व्यापारी सांगेल त्या भावाने देऊन मोकळे होतात आणि टरफल काढण्यातली कमाई गिरणीकडे जाते. या गटाने टरफल काढण्याचे यंत्र गावातच बसवले आहे. ‘आधी बाजारात पोतं उतरवलं की भाव व्यापारी सांगायचा, आता पुडीवर आम्ही लिहितो,’ असे विक्रीला बसलेल्या मावशी म्हणाल्या. माझ्या दृष्टीने १४० रुपये त्यामुळे महाग नाहीत.

नागलीच्या पिठाचा रंग आणि चव उत्तम आहे. उकड काढून थापलेली भाकरी चिरली नाही, आणि मावशींनी सांगितल्याप्रमाणे खुरासणीच्या चटणीबरोबर ती खाल्ल्यावर तूप शोधावेसे वाटले नाही. मात्र तिसऱ्या-चौथ्या घासाला दाताखाली कचकच लागली. मातीच्या खळ्यावर कणसे बडवली की बारीक वाळू येणारच. दळण्यापूर्वी नागली धुऊन वाळवली असती तर हा प्रश्न उरला नसता. त्याहून मोठी उणीव म्हणजे पुडीवर दळल्याची तारीख नव्हती. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्र-महाशिवरात्रीच्या सुमारास येत असताना, दमट हवेत लवकर खराब होणाऱ्या कोणत्याही पिठावर तारखेचा साधा शिक्का हवाच. विचारल्यावर ‘दिवाळीनंतरचं आहे’ एवढे उत्तर मिळाले. ते खरेही असेल, पण विकत घेणाऱ्याला ते पुडीवरच दिसायला हवे.

फोनवर पुन्हा मागणी नोंदवताना वरई दोन किलो सांगितली आहे. नागली मात्र अखंड मागवली आहे. ती घरीच धुऊन, उन्हात वाळवून गल्लीतल्या गिरणीतून दळून आणणार आहे.