फॅमिली डॉक्टरांकडेच फुंकायची टेस्ट, आईला नेलं होतं

आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरांनी क्लिनिकमध्येच स्पायरोमेट्रीचं (फुंकून फुफ्फुसं कशी चालतात ते बघायचं) मशीन ठेवलंय आणि ज्यांच्या घरात कुणाला जिना चढताना धाप लागते किंवा महिनोन्महिने खोकला जात नाही त्यांनी हे नक्की वाचा. आईने जन्मात कधी बिडी-सिगारेट ओढली नाही, त्यामुळे दम लागतो म्हटलं की सगळे वयावर ढकलायचे. ह्या डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, काकू, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात? मला हे इतकं बरं वाटलं, कारण सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसत जाणारा फुफ्फुसांचा आजार) चुलीच्या धुरानेही होतो आणि गावाकडच्या कितीतरी बायका ह्याच एका प्रश्नावाचून सुटून जातात.

टेस्टचं म्हणाल तर दुखत-बिखत काही नाही पण दमायला होतं. नाकाला क्लिप, तोंडात नळी (नवीन, आमच्यासमोर पाकीट फोडलं), छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं, ते पण मध्येच न थांबता सहा सेकंद तरी. टेक्निशियन ताई सगळा वेळ "फुंका काकू फुंका, अजून, अजून, सोडू नका" करून मोठ्याने सांगत होत्या, आणि ते लागतंच कारण अर्धवट फुंकलं की रिपोर्टला काही अर्थ नाही. तीन फुंका नीट आल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. मग पंपाचं (इनहेलरचं) श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं.

पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती, ह्याचं प्रमाण बघतात. औषधानंतरही ते 0.70 च्या खाली असेल तर श्वासनळ्या आकसल्यात असं धरतात. आईचं खालीच आलं. आणि छातीचा एक्सरे क्लिअर होता बरं का! सुरुवातीचा सीओपीडी एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही.

डॉक्टरांनी पंप सुरू केला, तो कसा ओढायचा ते तिच्याकडून स्वतःसमोर करून घेतलं. अर्धा स्टार कापला तो बसायच्या जागेसाठी, दम लागलेल्या माणसांना उभं राहावं लागतं हे बरोबर नाही.

जाण्याआधी पंप चालू असेल तर टेस्टच्या आधी किती तास घ्यायचा नाही ते फोनवर विचारून घ्या, आणि नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, तेव्हा टेस्ट पुढे ढकलतात. पोटभर जेवून जाऊ नका.