खडेबाजारातील कागदवाल्यांकडे जुन्या दरपत्रकांची पारख

बेळगावच्या खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका अरुंद बोळात जुन्या कागदांचे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही; आजूबाजूचे व्यापारी त्याला नुसते ‘कागदवाल्यांचे दुकान’ म्हणतात. जुन्या नोटा, स्टँपपेपर, लग्नपत्रिका आणि नाटकांची हस्तपत्रके असा माल तिथे असतो. मी मात्र गेले होते ती हॉटेलांच्या जुन्या दरपत्रकांसाठी, कारण अशा कागदाचा काळ ठरवून त्याची किंमत कारणांसह लिहून देणारे दुसरे ठिकाण या भागात मला आढळलेले नाही. गेल्या चार महिन्यांत तीन वेळा जाऊन आल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

वडिलांच्या ट्रंकेत मला एका उपाहारगृहाचे घडीचे कार्ड सापडले होते. त्याच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि पत्त्याखाली ‘मैसूर राज्य’ असे छापलेले. साल कुठेही नव्हते. चहा १२ न. पै. (नये पैसे), उप्पीट १९, शिरा २५ आणि पुरी-भाजी ३७ असे दर पाहून मी ते १९७० च्या आसपासचे असावे असे धरून चालले होते. दुकानाच्या काकांनी कार्ड हातात घेतले आणि इतर काही पाहण्याआधी दरांवर बोट ठेवले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा सरकारी कोष्टकाप्रमाणे दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५ आणि सहा आण्यांचे ३७ नये पैसे होत असत. म्हणजे माझ्या कार्डावरील प्रत्येक दर हा जुना आण्यांतला दर होता आणि मालकाने तो जसाच्या तसा नव्या नाण्यांत उतरवला होता. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून वगळला गेला, म्हणून कार्ड बहुधा त्यापूर्वीचे. आणि आण्यांचा हिशेब अजून डोक्यातून गेलेला नसल्यामुळे त्या सात वर्षांतील सुरुवातीच्या काळातले असण्याचा संभव अधिक. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून मैसूर राज्यात गेले, त्यामुळे पत्त्याचाही याला दुजोरा मिळाला. चार आकड्यांतून इतके निघू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

कागदाची तपासणीही त्यांनी माझ्यासमोरच केली. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर कागदात किंचित रुतते आणि पाठीमागून बोट फिरवले की त्याचा उठाव जाणवतो. रंगीत झेरॉक्सला असा उठाव नसतो. नंतर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कार्ड धरले. १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालू लागलेली रसायने या दिव्याखाली निळी चमकतात. त्यामुळे इंग्रजी अमदानीतले म्हणून विकायला आलेले कार्ड असे चमकले तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. माझे चमकले नाही. कोपऱ्यावर तेलाचा जुना डाग होता आणि तो काढून घ्यावा का, असे मी विचारले. काका म्हणाले, “पुसू नका ताई, पुसलं की डाग पसरतंय आणि अक्षरही जातंय बघा.” डागामुळे किंमत थोडी उतरली, पण चिकटपट्टीने जोडलेल्या घडीमुळे ती त्याहून अधिक उतरली. ती पट्टी मीच लावली होती, याचे मला फार वाईट वाटते.

किमतीच्या बाबतीत मात्र माझे या दुकानाशी मतभेद आहेत. माझ्या कार्डाला त्यांनी ८०० रुपये लिहून दिले आणि त्यांच्याच कपाटातील, कँपातल्या (लष्करी छावणीतल्या) एका इंग्रजी मेजवानीच्या कार्डाला ६,००० रुपये सांगितले. इंग्रजी कार्डाला परगावचे ग्राहक आहेत आणि मराठी-कन्नड कार्ड मागणारे कोणी नाही, असा त्यांचा खुलासा आहे. बाजाराच्या दृष्टीने तो खोटा नाही. प्रसिद्धी आणि घटना यांवर भाव चढतो हेही खरे: ‘टायटॅनिक’वरच्या, १४ एप्रिल १९१२ च्या दुपारच्या जेवणाचे एक कार्ड २०१५ मध्ये ८८,००० डॉलरला विकले गेले. परंतु मेजवानीची कार्डे पाहुण्यांनी आठवण म्हणून जपली, तर टेबलावरची दरपत्रके दर वाढले की बंबात गेली. तेव्हा दुर्मीळ कोणते, याचा विचार मूल्यांकनाच्या कागदावर वेगळ्या रकान्यात तरी यायला हवा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी फ्रँक बटॉल्फ या बाईंनी १९०० पासून पंचवीस हजारांवर मेनू गोळा केले, ते त्यांना भाव होता म्हणून नव्हे. हवाई बेटांवरच्या ३७६ जुन्या मेनूंवरून संशोधकांनी, मासेमारीच्या सरकारी नोंदी नसलेल्या काळात तिथे कोणते मासे मिळत होते, हे २०१३ मध्ये मांडले. आपल्याकडे उप्पिटाशेजारी मिसळ कधी आली आणि कुंदा मिठाईच्या दुकानातून हॉटेलच्या कार्डावर कधी चढला, हे सांगणारा कागद असेल तर तो हाच.

दुसरी तक्रार साठवणुकीची आहे. चांगली कार्डे साध्या प्लॅस्टिकच्या फायलींत ठेवलेली आहेत. बेळगावच्या पावसाळ्यातील दमटपणात ते प्लॅस्टिक शाईला चिकटते, आणि दोन कार्डांवर तसे झालेले मी पाहिले. इतक्या जाणकार माणसाने आम्लरहित कागदाची पाकिटे वापरू नयेत, याचे नवल वाटते. कसर आणि वाळवी यांची काळजी मात्र ते नीट घेतात: लोखंडी कपाटे भिंतीपासून सुटी आहेत आणि दर महिन्याला सगळा माल चाळला जातो.

एका कार्डाच्या लेखी मूल्यांकनाला २०० रुपये पडतात आणि वस्तू त्यांनाच विकली तर ते परत मिळतात. विकण्याचा आग्रह त्यांनी एकदाही केला नाही. दुकान सकाळी अकरानंतर उघडते. शनिवारी बाजाराची गर्दी असल्यामुळे त्या दिवशी निवांत बोलणे होत नाही. कार्ड नेताना घडी उघडून, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये न्यावे आणि घरी कोणतीही दुरुस्ती करू नये. मी माझे कार्ड विकले नाही. त्याची छायाप्रत त्यांच्या संग्रहात ठेवायला दिली आहे, आणि निपाणीच्या आत्यांकडे खानावळीच्या हिशेबाच्या दोन वह्या निघाल्या आहेत, त्या घेऊन पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.