वॉर रेमनंट्स म्युझियम, हो ची मिन्ह सिटी: सुरुवात वरच्या मजल्यापासून करा

अंगणातल्या ह्यूई हेलिकॉप्टरपाशी फोटोसाठी रेंगाळू नका. आधी वरच्या मजल्यावरचं 'ऐतिहासिक सत्ये' दालन गाठा. १९६५ मध्ये व्हिएतनामच्या दा नांग शहरात अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले, ती व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकेच्या सहभागाची सुरुवात नव्हती, हे तिथे उमगतं. १९५० पासूनच अमेरिका फ्रान्सच्या इथल्या युद्धखर्चाचा भार उचलत होती. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच हरले आणि सैगॉनचं (आजच्या हो ची मिन्ह सिटीतलं) दक्षिण व्हिएतनामचं कम्युनिस्टविरोधी सरकार अमेरिकेने पदरात घेतलं. मांडणी मात्र सरळसरळ एकतर्फी. कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामला मिळालेली सोव्हिएत क्षेपणास्त्रं, चीनचे विमानविरोधी तोफखाने आणि रस्ते-रेल्वे दुरुस्त करणाऱ्या तुकड्या यांना फारशी जागा नाही. तेवढं आधी वाचून जा. एजंट ऑरेंज या अमेरिकेने युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकाच्या दालनात लहान मुलांना नेऊ नका. दोन-अडीच तास हाताशी ठेवा.