वजन ओल्याचं, भाव वाळलेल्याचा

‘घरी अळिंबी (मशरूम) पिकवा, सगळा माल आम्ही परत विकत घेऊ’ असं सांगणाऱ्या एका योजनेत माझे पैसे बुडाले. रक्कम सांगत नाही. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतला मोठा भाग होता, एवढं पुरे. अशा योजना गांडूळखताच्या असतात, स्पिरुलिनाच्या असतात, औषधी वनस्पतींच्याही असतात. पीक बदलतं, करार तोच असतो. म्हणून माझ्या करारात काय होतं आणि हिशेबात फट कुठे होती, ते जरा तपशिलाने लिहिते.

आमच्या घरात कमावणारी मी एकटी. बाल्कनीतल्या कुंड्यांत पालेभाज्या, मिरच्या, टोमॅटो, पुदिना लावते. ओला कचरा घरातच जिरतो, बरंचसं बी मी स्वतःच धरून ठेवते. भाजीचा खर्च त्याने कमी होतो, पण मुलीची फी पुदिन्यातून भरता येत नाही. घरच्या बागेची बचत आणि हातात पडणारा पैसा यांत अंतर असतं, आणि असे लोक नेमके तिथेच येऊन उभे राहतात.

बागकामाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी फोटो टाकायचे. तिथूनच फोन आला. बोलणारी बाई अतिशय गोड. ‘ताई, तुमच्या हाताला गुण आहे, त्याचे पैसे व्हायला हवेत.’ मग सहज विचारल्यासारखं, ‘घरात पैशाचे निर्णय कोण घेतं?’ मी म्हटलं, मीच. ‘मग तर सोपंच आहे.’ त्या वेळी मला हा कौतुकाचा सूर वाटला. नंतर ग्रुपमधल्या इतर जणींशी बोलले तेव्हा कळलं की हा प्रश्न सगळ्यांना विचारला होता, आणि ज्यांनी ‘मिस्टरांना विचारून सांगते’ म्हटलं त्यांना पुन्हा फारसा फोन गेला नाही. एकट्या आयांसाठी ‘खास सवलत’ होती ती यासाठी. दुसरा कोणी कागद वाचणार नाही, याची खात्री करून दिलेली सवलत.

चौकशी मी केली होती. कंपनीची नोंदणी खरी निघाली. कंपनीची नोंदणी म्हणजे ती कागदोपत्री अस्तित्वात आहे, इतकंच. तिचा धंदा खरा आहे का, माल घ्यायला तिच्याकडे कोणी गिऱ्हाईक आहे का, हे त्या नंबरात नसतं. त्यांनी दिलेल्या तीन-चार बायकांशीही बोलले. सगळ्या खूष. पण त्या यादीतल्या प्रत्येकीला नवीन माणूस आणल्याबद्दल कमिशन मिळत होतं, हे कळायला पुढे बराच काळ गेला.

अनामत म्हणून पैसे भरल्यावर घरी काड, म्हणजे वाळलेला पेंढा, भरलेल्या पिशव्या आणि स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, आलं. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबी. आणि इथे मला त्यांचं कौतुकच करावंसं वाटतं, कारण पीक खरोखर आलं! पांढरी बुरशी काडाच्या आरपार पसरली. पिशवीला चिरा दिल्या, हवा खेळती ठेवली, दिवसातून तीन-चारदा पाणी फवारून ओलावा टिकवला, तर टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत काढणीला आले. मुलगी शाळेतून आली की आधी पिशव्यांपाशी जायची. धिंगरी ही मुळात सोपी अळिंबी. फसवणुकीसाठी ती निवडतात ती याच कारणाने. पीक फसलं असतं तर मी तिथेच थांबले असते.

आता हिशेब. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘प्रत्येक पिशवीतून दोन किलो उत्पादन’. शेजारच्या रकान्यात किलोचा भाव, आणि पुढे दोन्हींचा गुणाकार. बघणाऱ्याचे डोळे फिरावेत असा आकडा. तो भाव वाळवलेल्या अळिंबीचा होता. दोन किलो ओले की सुके, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. दहा किलो ताजी वाळवली तर हातात जेमतेम एक किलो उरते. दुसरी गोष्ट, पिशवीत सुकं काड किती आहे त्यावर उत्पादनाची मर्यादा ठरते. एक किलो सुक्या काडातून सगळे तोडे मिळून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी निघाली तर घरच्या जागेत ते चांगलं पीक. एक किलो निघाली तर उत्तम. माझ्या पिशव्या एक किलो काडाच्या होत्या. म्हणजे एका पिशवीमागे वाळवून ५० ते १०० ग्रॅम. त्यांच्या कागदावर दोन किलो! वीस पट फरक, तोही पीक उत्तम आलं तर.

पहिली काढणी वाळवून दिली तेव्हा वजन इतकं कमी का, असं मी विचारलं होतं. उत्तर तयार होतं: ‘नवीन स्पॉन आहे ताई, दोन-तीन खेपांत सेट होतो, मग उत्पादन वाढतं.’ ही शुद्ध थाप आहे. स्पॉन घरात राहून मुरत नाही. प्रत्येक नव्या पिशवीत नवंच बियाणं घालायचं असतं. जुनं झालं तर ते कमकुवत होतं आणि हिरवी बुरशी लवकर धरते. पण त्यांनी तो पहिला माल कबूल केलेल्या भावाने खरंच घेतला, पैसे लगेच जमा केले, आणि तो व्यवहार माझ्या नावासकट ग्रुपवर टाकला. मूठभर मालाचे पैसे ते. आमच्याच अनामत रकमेतले. मग सुचवलं की वीस पट पिशव्या लावल्या तर महिन्याचा खर्च निघेल. अनामत वाढली. या वेळी पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले, ‘कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे’ म्हणून.

एक गोष्ट पैशाहून जास्त चीड आणणारी आहे. धिंगरी जास्त दिवस झाडावर, म्हणजे पिशवीवर राहिली की भरमसाट बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, सोडते. पांढरी पावडर बसावी तसे ते कपाटांवर बसतात. बंद खोलीत ते सतत श्वासात गेले तर फुप्फुसांना त्रास होतो. अळिंबी पिकवणाऱ्या कामगारांत हा आजार माहितीचा आहे. अळिंबीच्या टोपीच्या कडा वर वळण्याआधी काढणी करायची, झोपायच्या खोलीत पिशव्या ठेवायच्या नाहीत, तोंडाला मास्क लावायचा, यातलं एक अक्षरही त्यांच्या ‘प्रशिक्षणात’ नव्हतं. उलट ‘पलंगाखालची जागासुद्धा कमाईची’ असं पत्रकात छापलं होतं. मुलीचा खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी घरात नवीन काय आणलंय ते विचारलं, आणि मला हे समजलं. पिशव्या त्याच दिवशी बाहेर गेल्या. खोकला गेला.

मोठा माल तयार झाला, तो वाळवून दिला, तेव्हा मात्र पैसे आले नाहीत आणि मालही परत आला नाही. कारण दिलं, ‘ओलावा जास्त.’ माझी अळिंबी काडकन मोडत होती. तपासणीचा कागद मागितला तर कराराचं कलम दाखवलं: ‘मालाच्या गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’ हे एक वाक्य करारात असेल तर परत खरेदीची हमी तिथेच संपते, वरती कितीही ठळक अक्षरात छापलेली असो. ओलावा किती टक्के चालेल, तो कोण मोजणार, नाकारलेला माल कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत परत येणार, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. माझ्या करारात आकडा फक्त अनामतीचा होता.

त्यानंतर ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली, आणि काही दिवसांनी ग्रुपच गेला. ज्यांनी आधीच चॅट बाहेर काढून ठेवलं होतं त्यांच्यामुळे आज आमच्याकडे पुरावा आहे. अॅडमिनने कुलूप लावलं की तो इशारा समजा आणि त्याच क्षणी सगळं उतरवून घ्या: पैसे भरल्याच्या पावत्या, आवाजी निरोप, माहितीपत्रकाचे फोटो, खात्यावरचं नाव.

कोणी अशी योजना घेऊन आलं तर मी आता त्यांना एकच विचारते, तुम्ही हा माल पुढे कोणाला विकता, त्याची बिलं दाखवा. खरा व्यापारी नावं झाकून का होईना, काहीतरी दाखवू शकतो. ज्याची कमाई पिशव्या आणि अनामत यांतूनच आहे, त्याच्याकडे दाखवायला काही नसतं, मग तो चिडतो किंवा ‘धंद्याचं गुपित’ म्हणतो. आणि बियाणं फक्त त्यांच्याचकडून घ्यायची सक्ती असेल तर तिथूनच परत फिरा. धिंगरीचं स्पॉन ही काही दुर्मिळ वस्तू नाही.

बँकेला आणि पोलिसांना आम्ही काही जणींनी मिळून लेखी तक्रार दिली. एकटीने गेलं तर ‘व्यवहारातला वाद’ म्हणून बोळवण होते. दहा जणींचे कागद एकाच नमुन्याचे दिसले की त्याला फसवणूक म्हणणं भाग पडतं. तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत मला एक फोन आला. माझं नाव, भरलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला तोंडपाठ. ‘तुमचे पैसे अडकलेत ते सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा.’ आमच्यातल्या दोघींनी ते भरलं. बँक आणि पोलीस सोडले तर ही माहिती कंपनीखेरीज कोणाकडे नव्हती, तेव्हा यादी कुठून गेली ते उघड आहे. मी त्याला बोलतं ठेवलं, खाते क्रमांक काढून घेतला आणि तो तक्रारीला जोडला. शुल्क भरायचं खाते पूर्वीच्याच व्यक्तीच्या नावावर होतं.