चार कप्प्यांचा घरगुती सर्व्हर : १९ महिने वापरल्यानंतर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. कॉम्प्युटर तिथंच होता आणि बॅकअपची एक्सटर्नल डिस्क त्याच टेबलाच्या खणात. मी लग्नाचे फोटो काढतो. सात वर्षांचं काम एका रात्रीत गेलं. बाबांच्या नाट्यसंगीताच्या बैठकींच्या कॅसेटी माळ्यावर होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. पुढची काही वर्षं सुट्या डिस्कांवर काढली आणि २०२४ च्या सुरुवातीला सिनॉलॉजी कंपनीचा डीएस९२३प्लस घेतला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची चार डिस्कांची साठवणपेटी.

निवडताना एकच प्रश्न धरून बसलो होतो : जागा संपली किंवा डिस्क गेली, तर त्या दिवशी मला काय करावं लागेल? दोन कप्प्यांचं यंत्र स्वस्त पडत होतं, पण ते भरलं की दोन्ही डिस्का बदलाव्या लागतात. जुन्या पीसीवर ट्रूनॅस, म्हणजे पीसीचा असाच सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर, टाकायचा विचार बरेच दिवस डोक्यात होता. त्याच्या झेडएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीवर माझा आजही विश्वास आहे. अडचण एवढीच होती, की तेव्हा त्यातल्या रेडझेड या डिस्कांच्या गटात एकेक डिस्क वाढवता येत नव्हती. ती सोय ट्रूनॅसमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरात आली. माझ्यासारख्या, पैसे जमतील तशी डिस्क घेणाऱ्याला एकेक वाढवता येणं फार मोलाचं आहे.

इथं एसएचआर ही सिनॉलॉजीची डिस्का एकत्र जोडण्याची पद्धत कामाला आली. एका डिस्कचं संरक्षण ठेवलं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल असं, तर हिशेब सोपा : सगळ्या डिस्कांची बेरीज करा, सर्वांत मोठी वजा करा. सुरुवातीला ४ टीबीच्या दोन होत्या, म्हणजे ४ टीबी वापरायला. तिसरी ८ ची घातली तेव्हा जागा ८ झाली, तिचा निम्मा भाग नुसता पडून होता. चौथीही ८ ची आली आणि जागा एकदम १६ टीबी झाली. साध्या रेड ५ मध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच धरणाऱ्या जोडणीत, याच चार डिस्कांत १२ च मिळाले असते. पुढं कधी लागलंच, तर पाच कप्प्यांची डीएक्स५१७ पेटी जोडून नऊ डिस्कांपर्यंत जाता येतं.

अकराव्या महिन्यात रात्री यंत्र बीप करायला लागलं. ४ टीबीच्या एका डिस्कवरचे पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, आठवडाभर वाढत होते, त्याचे मेल मला येत होते आणि सीझनच्या गडबडीत मी ते उघडले नव्हते. दुसऱ्या दिवशी ८ ची नवी आणली. यंत्र बंद न करता ट्रे ओढला, डिस्क बदलली, दुरुस्ती सुरू केली. साधारण सोळा तास लागले, वाढीव जागा जुळायला आणखी दीड दिवस. त्या सोळा तासांत दुसरी डिस्क गेली असती, तर या यंत्रावरचं सगळंच गेलं असतं. या सगळ्याची दुसरी प्रत पुण्यात ताईकडं असते; तिला फोन करून ती शाबूत आहे ना ते आधी विचारलं, मगच झोप लागली. शेवटी जागा २० टीबी झाली.

डिस्क घेताना दोन गोष्टी पाहाच. एक, ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी, आहे का. एसएमआर या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळं दुरुस्तीच्या वेळी सलग लिहिताना ती फारच रेंगाळते. दुसरं, बिल करण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. माझी वॉरंटीत बदलून मिळाली, कारण हे तपासलेलं होतं.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणजे यूपीएस नको, असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच वळवाच्या पावसात ते चुकीचं ठरलं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात सर्व्हर बंद पडला आणि परत सुरू झाला. आता मध्ये यूएसबी असलेला यूपीएस आहे. यूएसबी नसलेला स्वस्त यूपीएस वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगू शकत नाही, मग तो वेळेत नीट बंद होत नाही. विजेचं बिल मात्र फारसं वाढलेलं नाही. चालू असताना ३५ वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट.

महापुरानं जे शिकवलं, त्यावर हे यंत्र एकटं पुरं पडत नाही. रेडमुळं, म्हणजे डिस्का अशा एकत्र जोडल्यामुळं, एखादी डिस्क मेली तरी काम चालू राहतं; पाणी, चोरी, चुकून डिलीट यांवर त्याचा उपयोग नाही. डिलीटसाठी रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या दिवशीच्या फायलींची नोंद, ठेवतो. भाच्यानं एकदा एका लग्नाचं अख्खं फोल्डर उडवलं, दहा मिनिटांत परत आणलं. पाण्यासाठी पुण्यात ताईकडं जुनं दोन कप्प्यांचं यंत्र आहे. पहिली प्रत इथंच भरली आणि ते यंत्र मांडीवर घेऊन एसटीनं गेलो, कारण इंटरनेटवरून चढवायला महिने लागले असते. आता रोज रात्री फक्त बदललेलं जातं, एन्क्रिप्ट होऊन. आमच्या फायबर कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, नाही, म्हणून दोन्हीकडं टेलस्केल हे दोन यंत्रं खासगीपणे जोडणारं सॉफ्टवेअर घातलंय. राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२२ मधल्या डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं अशीच उघडी यंत्रं गाठून फायली कुलूपबंद केल्या होत्या.

बाकी थोडक्यात. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळं ४के व्हिडिओ टीव्हीसाठी रूपांतरित करून दाखवायचा असेल तर हे घेऊ नका. नेटवर्क एक गिगाबिटचं, फोटो सेकंदाला ११० एमबीनं जातात, मला पुरतं. लाकडी कपाटात डिस्कांचा आवाज घुमायचा, खाली रबर ठेवल्यावर कमी झाला. एप्रिल-मेमध्ये कपाटाचं दार उघडं ठेवावं लागतं. नवा डीएस९२५प्लस घेणार असाल, तर त्यावर डीएसएम (सिनॉलॉजीची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ टाका. २०२५ च्या मॉडेलांवर आधी कंपनीच्याच डिस्का घालायची जी अट होती, ती त्यात सैल झाली आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई तिच्याकडच्या प्रतीतून एक फाइल उघडून ऐकवते. बाबांच्या त्या कॅसेटी मी फायलींत उतरवतोय; २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जाला कॅसेटचा एक तास म्हणजे साधारण २ जीबी. परवा तिनं बाबांनी ऑर्गनवर साथ केलेली एक बैठक फोनवर लावली. बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले होते. चाळीसेक कॅसेटी अजून व्हायच्या आहेत.