चालू स्थितीतील पिकअप दान देताना: कोल्हापुरातील एका न्यासाच्या कामाचे परीक्षण

गुळाच्या व्यापारात वापरलेली आमची बोलेरो पिकअप आम्ही यंदा कोल्हापुरातील एका नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला दान दिली. हा न्यास सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण पुरवतो आणि पुराच्या दिवसांत प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांतून बाहेर काढलेल्या जनावरांसाठी चारा पोहोचवतो. न्यासाला एकाच वाहनाची गरज होती व ती आता भागली आहे; नाव छापून आले तर लोक बंद पडलेली वाहने दारात आणून उभी करतील, या रास्त काळजीपोटी विश्वस्तांनी नाव न देण्याची विनंती केली, आणि ती मी पाळत आहे. वाहन स्वीकारण्याचे काम त्यांनी कसे केले, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. ते काम बहुतांशी उत्तम झाले.

पहिली गोष्ट आवडली ती ही, की दानाचा विषय काढताच आभार मानण्याऐवजी त्यांनी वाहनाची चौकशी केली. पासिंग (वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याची सरकारी तपासणी) कधीपर्यंत आहे, कर्ज फिटले आहे का, आर.सी. बुकावर बँकेचा बोजा अजून दिसतो का, शेवटचा क्लच कधी बदलला, हे सारे त्यांनी फोनवरच विचारून घेतले. त्यानंतर उद्यमनगरातील त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री मार्केट यार्डात आले. त्यांनी हौद्याचा पत्रा खालून तपासला, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहिले, फाळके उघडझाप करून बघितले आणि गाडी भरलेली असताना चढावर कशी चालते हे पाहण्यासाठी गुळाच्या रव्यांसह (ढेपांसह) एक फेरी मारायला लावली. “मालक, गाडी चांगली आहे, पण पुढची दोन टायर संस्थेला लगेच घ्यावी लागतील,” असे त्यांनी आमच्यासमोरच विश्वस्तांना सांगितले. दान म्हणून आलेल्या वस्तूची इतकी परखड तपासणी काहींना रुचणार नाही. मला मात्र त्यातच न्यासाची जबाबदारी दिसली, कारण दुरुस्तीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया अखेर कोणाच्या तरी ताटातून वजा होणार असतो.

या सर्व व्यवहारात सर्वाधिक महत्त्वाचा भाग कागदपत्रांचा आहे, आणि न्यासाची खरी गुणवत्ता तेथेच कळली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊन आणि समोरच्याने ते स्वीकारून पूर्ण होते. त्यासाठी जमिनीप्रमाणे नोंदणीकृत बक्षीसपत्र अनिवार्य नाही. म्हणूनच अनेकजण किल्ली आणि आर.सी. बुक हाती दिले की विषय संपला असे मानतात. मोटार वाहन कायद्याची दृष्टी वेगळी आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल, मग वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेले असो. पुराच्या पाण्यातून चारा नेताना काही विपरीत घडले आणि नोंद दात्याच्याच नावावर असली, तर नोटीस दात्याच्याच घरी येणार.

न्यासाने ही गोष्ट आम्ही सांगण्यापूर्वीच ओळखली होती. विश्वस्त मंडळाने वाहन स्वीकारण्याचा ठराव करून त्यात कागदपत्रांवर सही कोणी करायची तेही नमूद केले होते. ठरावाची प्रत, न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन क्रमांक यांची जुडी आमच्या हाती आधी पडली, किल्ली त्यांच्या हाती नंतर गेली. वाहनाची मालकी बदलण्यासाठीच्या नमुना २९ आणि नमुना ३० या अर्जांवर आमच्या सह्या त्यांच्या कार्यालयात, सर्व रकाने भरलेले असताना घेतल्या गेल्या. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेण्याची जी सवय जुन्या वाहनांच्या बाजारात सर्रास दिसते, तिला येथे थारा नव्हता, आणि याबद्दल मला त्यांचे विशेष कौतुक वाटते. राज्यातल्या राज्यात हस्तांतरण असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. न्यासाने दोन्ही बाजूंचे कागद एकाच वेळी कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयात (एमएच ०९) दाखल केले आणि शुल्कही स्वतः भरले.

विम्याच्या बाबतीतही त्यांनी कुचराई केली नाही. तृतीय पक्ष विम्याचे (अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचे) प्रमाणपत्र मालकीबरोबर नव्या मालकाकडे गेल्याचे कायदा मानतो, तरी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. तो अर्ज त्यांनी मुदतीत केला. वाहन कोण चालवणार, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ मध्ये पुन्हा मान्य केले असल्यामुळे सेवेकऱ्यांचे साधे परवाने पुरेसे होते. तरीही न्यासाने चालक म्हणून दोनच व्यक्ती नेमल्या आणि त्यांच्या परवान्यांच्या प्रती फाइलला लावल्या.

आता कराविषयी, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत जुने वाहन धर्मादाय संस्थेला दिले की संस्था बहुधा ते लिलावात विकते आणि आलेल्या किमतीच्या आधारे दात्याला करात वजावट मिळते. त्या पद्धतीच्या जाहिराती वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे लोकांना वाटते. आपल्या प्राप्तिकर कायद्यात देणगीवर मिळणारी सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) फक्त पैशाच्या रूपातील देणगीला आहे. वस्तूच्या दानाला, ती कितीही मौल्यवान असली तरी, नाही. न्यासाच्या हिशेबनिसांनी हे पहिल्याच बैठकीत सांगितले आणि करसवलत हवी असल्यास गाडी विकून धनादेश देण्याचा पर्यायही स्वतःहून मांडला. आम्ही गाडीच दिली, कारण तशी मजबूत गाडी बाजारातून घ्यायला न्यासाला आमच्या विक्रीच्या किमतीपेक्षा अधिक पैसे मोजावे लागले असते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पोचपावतीवर वाहनाचा क्रमांक होता, पण चासी आणि इंजिन क्रमांक नव्हते, आणि ताबा दिल्याची तारीख होती, पण वेळ नव्हती. वेळ नोंदवणे क्षुल्लक वाटेल. मात्र त्याच दिवशी दुपारनंतर एखादे ई-चलान निघाले तर ते कोणाचे, हे त्या वेळेवरूनच ठरते. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांनी सुधारित पावती दिली. फास्टॅगचा विषय त्यांच्या यादीतच नव्हता. तो आमच्या खात्याशी जोडलेला असल्याने आम्ही बँकेकडून आधीच बंद करून घेतला. अन्यथा किणीचा टोल पुढेही आमच्याच खात्यातून जात राहिला असता. पुढे कधी वाहन विकायचे ठरले तर दात्याला कळवण्याचे त्यांनी तोंडी मान्य केले, पण ठरावात तसे लिहिले नाही. वाहन दिल्यावर त्याच्यावर हक्क उरत नाही हे मी जाणतो. तरी दानाच्या वस्तूचे पुढे काय झाले हे दात्याला कळावे, ही अपेक्षा गैर नाही, आणि न्यासाने ती लेखी स्वीकारायला हवी होती.

ज्यांच्या गाडीचे इंजिन गेले आहे, सांगाडा गंजला आहे, त्यांनी ती कोणत्याही संस्थेच्या गळ्यात घालू नये. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि त्यात न टिकणारी गाडी संस्थेला फक्त खर्चात पाडते. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, जमा प्रमाणपत्र (वाहन भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्यावे आणि आलेली रक्कम धनादेशाने संस्थेला द्यावी. तेथे देणगीवरील करसवलतीचा लाभही मिळू शकतो. ज्यांची गाडी खरोखर कामाची आहे, त्यांनी ती एप्रिलमध्येच द्यावी. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तोवर नावबदल, विमा व टायर ही सारी कामे उरकलेली असली तरच गाडी त्या दिवसांत चाऱ्यासाठी बाहेर काढता येते.